वरच्या खोल्या तापतात, बैठकीची खोली मात्र गारच: हीटिंगमध्ये नेमके काय तपासावे?

रेडिंगकर
नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा त्रास झाला असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमचे घर रेडिंगमध्ये आहे. ते १९७० च्या दशकात बांधलेले, तीन बेडरूमचे आणि एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेले आहे. तळमजल्याची जमीन काँक्रीटची असल्यामुळे हीटिंगच्या नळ्या वरच्या मजल्याच्या फळ्यांखालून फिरवलेल्या आहेत आणि खालच्या खोल्यांसाठी त्या भिंतीतून खाली उतरतात. या नळ्या करंगळीएवढ्या बारीक, म्हणजे १० मिलिमीटरच्या आहेत. स्वयंपाकघरात गॅसवर चालणारा काँबी बॉयलर आहे आणि नळाचे गरम पाणी व रेडिएटर ही दोन्ही कामे तोच करतो.

अडचण अशी आहे की हीटिंग सुरू केल्यावर वरच्या बेडरूममधले रेडिएटर पाव तासात हात ठेवता येणार नाही इतके तापतात, परंतु बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या, दुहेरी रेडिएटरची केवळ वरची कड आणि दोन्ही बाजू गरम होतात. त्याचा खालचा मधला भाग कितीही वेळ हीटिंग चालवले तरी गारच राहतो. जेवणाच्या खोलीतला रेडिएटर वरपासून खालपर्यंत सारखाच, पण जेमतेम कोमट असतो. बॉयलर काही मिनिटे पेटतो, बंद होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पेटतो. बॉयलरवर दिसणारे पाण्याचे प्रेशर (दाब) थंड असताना १.३ बार आणि गरम झाल्यावर १.७ बार दिसते आणि ते उतरत नाही. नळाला गरम पाणी व्यवस्थित येते. सगळे रेडिएटर ब्लीड करून, म्हणजे किल्ली फिरवून आत अडकलेली हवा बाहेर सोडून, झाले आहेत: वरच्या एका रेडिएटरमधून थोडी हवा निघाली, परंतु बैठकीच्या खोलीत किल्ली फिरवताच फुसकारा न येता थेट शाईसारखे काळे पाणी आले.

दोन ठिकाणांहून माणसे बोलावली. एकाने बॉयलर जुना झाला आहे, नवा बसवा असे सांगितले, तर दुसऱ्याने संपूर्ण घराचे पॉवर फ्लश, म्हणजे यंत्राने जोराने पाणी सोडून नळ्या व रेडिएटर धुणे, करण्याचा खर्च लिहून दिला. दोघांपैकी एकानेही रेडिएटरला हात लावून पाहिले नाही, हे मला खटकले. डिसेंबरात आई-बाबा नाशिकहून येत आहेत, बाबांचे गुडघे थंडीत आखडतात आणि दिवसभर ते दोघे बैठकीच्या खोलीतच बसणार आहेत. इतका खर्च करण्यापूर्वी दोष कुठे आहे हे घरच्या घरी कसे ओळखता येईल?

लीड्सवासी
तुम्ही लक्षणे नीट टिपली आहेत, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. रेडिएटर कुठे गार आहे यावरून दोषाचा अंदाज बांधता येतो. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल तर आत हवा किंवा अन्य वायू साठलेला असतो आणि तो ब्लीड केल्यावर निघून जातो. वरचा भाग व दोन्ही बाजू गरम पण खालचा मधला भाग गार असेल, तर बहुधा तळाशी गाळ बसलेला असतो, कारण गरम पाणी त्या गाळाच्या वरून वळसा घालून परतीच्या नळीत निघून जाते. सबंध रेडिएटर सारखाच कोमट असेल तर आत काही अडलेले असण्यापेक्षा त्याच्यापर्यंत पुरेसे पाणीच पोचत नाही, असे समजावे. या हिशेबाने तुमच्या दोन रेडिएटरांची दुखणी वेगवेगळी असण्याची दाट शक्यता आहे आणि दोन्हींवर एकच इलाज सांगणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

प्रेशरची काळजी नको. थंड असताना १ ते १.५ बार हे योग्यच आहे आणि गरम झाल्यावर ते थोडे वाढणारच. ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो, त्यापासून तुम्ही बरेच दूर आहात.

पैसे खर्च न करता तीन गोष्टी तपासता येतील. पहिली म्हणजे टीआरव्ही, अर्थात रेडिएटरवरचा आकडे असलेला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. त्याचे डोके फिरवून काढले की आत बारीक पिन दिसते. ती पान्याच्या सपाट बाजूने हलकेच दाबली असता आत जाऊन स्वतःहून वर यायला हवी. पुष्कळदा उन्हाळाभर बंद राहिल्यामुळे ती खालीच चिकटून बसते आणि मग पाणी आत शिरत नाही. ती पक्कडीने धरून ओढू मात्र नका, निघून हातात आली तर पाणी उसळेल.

दुसरी गोष्ट बॉयलरमधल्या डायव्हर्टर व्हॉल्व्हची, जो पाणी रेडिएटरांकडे पाठवायचे की नळाचे पाणी तापवायला वापरायचे हे ठरवतो. घरातले सगळे नळ बंद ठेवून हीटिंग चालू करा आणि बॉयलरच्या खाली नळाच्या गरम पाण्याची जी नळी निघते तिला हात लावून पाहा. नळ बंद असूनही ती तापत राहिली, तर तो व्हॉल्व्ह अर्धवट अडकला आहे आणि उष्णता भलतीकडे चालली आहे. हे काम बॉयलरच्या आतले असल्यामुळे त्यासाठी गॅस सेफची (गॅसचे काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदवहीची) नोंदणी असलेला माणूसच हवा.

तिसरी तपासणी सर्वांत बोलकी आहे. बैठकीच्या खोलीतला आणि जेवणाच्या खोलीतला असे दोन सोडून बाकीचे सर्व रेडिएटर बंद करा, बॉयलरच्या पाण्याचे तापमान ६० अंशांवर आणा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. आता बॉयलरचे सगळे पाणी या दोघांनाच मिळणार आहे. जो रेडिएटर आता पूर्ण तापेल त्याला एरवी पाण्याचा वाटा कमी मिळतो. जो तरीही तापणार नाही त्याच्यात किंवा त्याच्या नळीत अडथळा आहे. काय दिसते ते कळवा.

बर्मिंगहॅमकर
आमच्याही घरी खालच्या खोल्या गार राहत असत. आम्ही बॉयलरच्या पाण्याचे तापमान ८० अंशांवर नेले आणि बऱ्यापैकी फरक पडला. सोपा उपाय आहे, आधी तो करून पाहावा असे सुचवतो. शिवाय खोलीचे तापमान पाहणारा मुख्य थर्मोस्टॅट कुठे आहे तेही पाहा. आमचा थर्मोस्टॅट जिन्याजवळच्या उबदार बोळात होता, त्यामुळे बोळ तापला की बॉयलर बंद होई आणि बाकीचे घर गारच राही.

कॉव्हेंट्रीचा हीटिंगवाला
मी या व्यवसायात आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. थर्मोस्टॅटच्या जागेचा मुद्दा अगदी योग्य आहे. ज्या खोलीत मुख्य थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरचा टीआरव्ही पूर्ण उघडा ठेवावा, नाहीतर एकाच खोलीच्या तापमानावर दोघे जण हुकूम चालवतात आणि दोघांचे पटत नाही. पाण्याचे तापमान ८० अंशांवर नेण्याच्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही, आणि या घरात तर तो मुळीच उपयोगी नाही.

बॉयलर पेटून लगेच बंद होतो, याचा अर्थ त्याने तयार केलेली उष्णता रेडिएटरांकडे पुरेशा वेगाने वाहून जात नाही. काँबी बॉयलर २४ ते ३० किलोवॉटचा घेतात तो घर तापवण्यासाठी नव्हे, तर आंघोळीसाठी: मिनिटाला १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायचे तर सुमारे २४ किलोवॉट लागतात. याउलट तुमच्यासारख्या घराला कडाक्याच्या थंडीतही साधारण ६ ते १० किलोवॉट पुरतात. बॉयलर स्वतःची आच काही प्रमाणात कमी करू शकतो, परंतु वरच्या मजल्यावरून फेरी मारून पाणी गरमच्या गरम परत येऊ लागले की ठरवलेल्या तापमानाची मर्यादा लगेच गाठली जाते आणि ज्योत विझते. तापमान वाढवल्याने आधीच तापणाऱ्या वरच्या खोल्या आणखी तापतील आणि गॅस जास्त जळेल. खालच्या खोल्यांना मिळणाऱ्या पाण्यात थेंबाचीही भर पडणार नाही. शिवाय आपल्याकडचे बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून काही अपवाद वगळता तेच बसवावे लागतात. परतीचे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आले तरच धुरातल्या वाफेचे पाणी होऊन तिच्यातली उष्णता हाती लागते. ८० अंशांवर चालवलेल्या बॉयलरमध्ये हा फायदा जवळजवळ मिळतच नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. तुमच्या जेवणाच्या खोलीचे लक्षण बॅलन्सिंग, म्हणजे रेडिएटरांमधली पाण्याची वाटणी, बिघडल्याचे आहे आणि घरगुती हीटिंगमध्ये सर्वांत दुर्लक्षित राहणारे काम हेच आहे. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याने दार सताड उघडे ठेवले तर टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, तसेच इथे होते. पंपाला सर्वांत सोपी वाट जिकडे सापडते तिकडे पाणी धावते आणि तुमच्या घरात ती वाट वरच्या मजल्याची आहे. प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची साधी टोपी घातलेला व्हॉल्व्ह असतो, त्याला लॉकशील्ड म्हणतात. टीआरव्ही खोलीचे तापमान सांभाळतो, तर त्या रेडिएटरला पाण्याचा वाटा किती मिळावा हे लॉकशील्ड ठरवतो. तो एकदा लावून झाल्यावर कुणी सहज फिरवू नये म्हणूनच त्यावर मूठ नसते.

बॅलन्सिंगला एक मोकळा दिवस काढा. आदल्या रात्री हीटिंग बंद ठेवून सर्व रेडिएटर पूर्ण गार होऊ द्या. सगळे टीआरव्ही पूर्ण उघडा, टोप्या काढून लॉकशील्डही पान्याने पूर्ण उघडा, आणि उघडण्यापूर्वी प्रत्येक लॉकशील्ड किती फेरे उघडा होता ते कागदावर लिहून ठेवा, म्हणजे गरज पडल्यास पूर्वस्थितीला परतता येईल. मग हीटिंग सुरू करून कोणता रेडिएटर आधी तापतो आणि कोणता शेवटी, तो क्रम टिपा. जो सर्वांत आधी तापतो त्याचा लॉकशील्ड पूर्ण बंद करून केवळ पाव फेरा उघडा, त्यानंतरच्याचा थोडा अधिक, असे करत शेवटच्याचा पूर्ण उघडा ठेवा.

त्यानंतर मोजमाप करायचे. रेडिएटरमध्ये येणाऱ्या आणि त्यातून जाणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांचे तापमान पाहायचे आणि दोघांमधला फरक सर्व रेडिएटरांवर शक्य तितका सारखा आणायचा. जुने बॉयलर ८२ अंशांनी पाणी सोडून ७१ अंशांनी परत घेत, म्हणजे ११ अंशांचा फरक धरत असत. कंडेन्सिंग बॉयलरला १५ ते २० अंशांचा फरक मानवतो. फरक कमी दिसला तर त्या रेडिएटरमधून पाणी गरजेपेक्षा जोरात जात आहे, म्हणून लॉकशील्ड किंचित आवळा. फार जास्त दिसला तर किंचित उघडा. प्रत्येक बदलानंतर निदान वीस मिनिटे थांबा, कारण एकाचे पाणी कमी केले की ते बाकीच्यांकडे वळते आणि सगळे आकडे हलतात. लांबून तापमान दाखवणारे इन्फ्रारेड यंत्र वापरणार असाल तर नळीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. चकचकीत तांब्यावर ते यंत्र खूप चुकीचे, कमी तापमान दाखवते आणि त्या आकड्यांवर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

एक हिशेब ध्यानात असू द्या. एक किलोवॉट उष्णता २० अंशांच्या फरकाने पोचवायची तर मिनिटाला साधारण ०.७ लिटर पाणी लागते. फरक १० अंशांवर आला तर तेवढ्याच उष्णतेसाठी दुप्पट पाणी फिरवावे लागते. तुमच्या नळ्या १० मिलिमीटरच्या असल्यामुळे हा मुद्दा तुमच्यासाठी अधिकच महत्त्वाचा आहे.

रेडिंगकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासण्या केल्या, त्यांचे निकाल देतो.

सर्व टीआरव्हींच्या पिना व्यवस्थित वर-खाली होतात. नळ बंद असताना बॉयलरखालची नळाच्या गरम पाण्याची नळी गारच राहिली, म्हणजे डायव्हर्टर व्हॉल्व्ह ठीक असावा. मुख्य थर्मोस्टॅट बोळात आहे आणि तिथल्या रेडिएटरचा टीआरव्ही पूर्ण उघडा आहे.

बाकीचे रेडिएटर बंद केल्यावर मात्र लीड्सवासी यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. जेवणाच्या खोलीतला रेडिएटर अर्ध्या तासाच्या आत वरपासून खालपर्यंत कडक तापला. त्या खोलीत एवढी ऊब आम्ही या घरात आल्यापासून अनुभवली नव्हती. बैठकीच्या खोलीतला मात्र तसाच राहिला. काळी टेप लावून मोजले तेव्हा आत येणारी नळी ५९ अंश, रेडिएटरची वरची कड ५५ अंश आणि खालचा मधला भाग २६ अंश होता. गार भागाची सीमा हाताने चाचपडली असता ती तळाशी रुंद आणि वर निमुळती होत जाते, एखादा ढिगारा आत असावा तशी.

म्हणजे जेवणाच्या खोलीला बॅलन्सिंग आणि बैठकीच्या खोलीला गाळ, असे निदान मी धरून चालतो. आता गाळासाठी पॉवर फ्लशच करावा लागेल, की एका रेडिएटरपुरता उपाय चालेल? आणि हा गाळ येतो तरी कुठून?

लीड्सवासी
गाळ बाहेरून येत नाही, तो रेडिएटरांच्याच पोलादापासून तयार होतो. हीटिंगचे पाणी बंद चक्रात फिरत असते. सुरुवातीला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लवकर संपतो आणि त्यानंतर अपुऱ्या प्राणवायूत लोखंडाचा जो काळा ऑक्साइड बनतो त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. तो पाण्याहून बराच जड असल्यामुळे जिथे प्रवाह मंद असतो तिथे, म्हणजे मोठ्या रेडिएटरच्या तळाशी, बसतो. तुमच्याकडे नळ्या वरून खाली उतरतात, तेव्हा खालच्या मजल्यावरचे रेडिएटर हे त्याचे हक्काचे ठिकाण. या प्रक्रियेत हायड्रोजनही सुटतो. म्हणून एखादा रेडिएटर गळती नसताना वारंवार ब्लीड करावा लागत असेल तर तो वायू साधी हवा नसून हायड्रोजन असू शकतो, आणि ब्लीड करताना जवळ मेणबत्ती किंवा सिगारेट नसावी.

पाण्याचा रंगही माहिती देतो. काळे पाणी म्हणजे आत जुना गंज साठला आहे. तांबूस, विटकरी पाणी येत असेल तर सतत नवा प्राणवायू आत शिरत आहे, म्हणजे कुठेतरी गळती होते आणि वरचेवर ताजे पाणी भरले जाते. तुमचे प्रेशर स्थिर आहे आणि पाणी काळे आहे, त्यामुळे गळतीची शंका बाजूला ठेवायला हरकत नाही.

पॉवर फ्लश वाईट नाही, पण तुमच्या घरात तो पहिला उपाय असू नये असे माझे ठाम मत आहे. बारीक नळ्यांमधून मुळातच पाणी कमी जाते, आणि एखादी नळी पूर्ण तुंबलेली असेल तर यंत्राने जोराने सोडलेले पाणी तिला टाळून मोकळ्या नळ्यांमधून निघून जाते. एकाच रेडिएटरमध्ये ढिगारा असेल तर तो रेडिएटर काढून अंगणात धुणे हे कितीतरी स्वस्त आणि खात्रीचे आहे. बॉयलरचे झाकण उघडायचे नसल्यामुळे या कामाला गॅस सेफची नोंदणी लागत नाही, कोणताही चांगला प्लंबर ते करतो.

रेडिएटर काढताना काही गोष्टींवर कटाक्ष ठेवा. हीटिंग बंद करून पाणी गार होऊ द्या. टीआरव्ही नुसता शून्यावर आणून भागत नाही, कारण खोली फार गारठली की तो स्वतःहून उघडू शकतो. त्याच्यावर घट्ट बसवायची वेगळी टोपी मिळते, ती लावून तो पूर्ण बंद करावा. लॉकशील्ड किती फेऱ्यांत बंद झाला ते लिहून ठेवावे. गालिचा गुंडाळून बाजूला करा आणि खाली जाड प्लॅस्टिक व जुने टॉवेल अंथरा, कारण हा काळा गाळ गालिच्यावर सांडला तर डाग जन्मभर राहतो. दुहेरी रेडिएटर पाण्यासकट फार जड असतो आणि तो तिरका झाला की उरलेला गाळ एकदम बाहेर येतो, त्यामुळे दोन माणसे हवीतच.

रेडिएटर निघाल्यावर तो लगेच धुवायला नेऊ नका. त्याआधी एक तपासणी अवश्य करा. दोन्ही व्हॉल्व्हच्या तोंडाशी बादली धरून प्रत्येक व्हॉल्व्ह क्षणभर उघडून पाहा. दोन्हींकडून जोरकस धार आली तर नळ्या मोकळ्या आहेत. एकीकडून नुसती ठिबक आली तर अडथळा त्या बाजूच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा नळीत आहे आणि नुसता रेडिएटर धुऊन काम होणार नाही. भिंतीतल्या नळ्या कोणत्या स्थितीत आहेत हे पाहण्याची अशी संधी पुन्हा सहज मिळत नाही.

लंडनची भाडेकरू
मला थोडा वेगळा प्रश्न विचारायचा आहे. आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये अगदी हीच लक्षणे आहेत. घरमालक म्हणतात की रेडिएटर चालू आहे, मग तक्रार कसली. आम्ही स्वतः लॉकशील्ड फिरवून पाहावा का?

कॉव्हेंट्रीचा हीटिंगवाला
ब्लीड करण्यापलीकडे तुम्ही काही करू नका. इंग्लंडमध्ये खोल्या तापवण्याची सोय चालू स्थितीत ठेवणे ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. तक्रार तोंडी न करता लेखी करा आणि तीत रेडिएटरच्या वरच्या व खालच्या भागाचे तापमान, तसेच तासाभराने खोलीचे तापमान किती झाले ते लिहा. "चालू आहे" या उत्तराला असे आकडे फार उपयोगी पडतात. गॅसच्या उपकरणांची दर वर्षी तपासणी करून तिचा दाखला तुम्हाला देणेही त्यांना बंधनकारक आहे. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरमालकाने बसवायचा असतो. तो आहे का ते आजच पाहा, कारण गार रेडिएटरपेक्षा ती बाब कितीतरी गंभीर आहे.

बॉयलरसाठी कुणालाही घरात घेताना गॅस सेफचे ओळखपत्र मागा आणि त्याची मागची बाजूही वाचा. कोणत्या प्रकारचे काम करण्याची त्या माणसाला परवानगी आहे ते मागे लिहिलेले असते.

रेडिंगकर
काम झाले, त्याचा वृत्तान्त देतो. ओळखीतून मिळालेल्या एका प्लंबरच्या मदतीने बैठकीच्या खोलीतला रेडिएटर काढला. सुरुवातीला निघालेले पाणी काळे पण पातळ होते. अंगणात नेऊन रेडिएटर उभा केला आणि होज पाइप लावून रबरी हातोडीने तळाशी ठोकले, तेव्हा मात्र काजळ कालवल्यासारखा दाट चिखल बाहेर पडला. पाणी स्वच्छ यायला बराच वेळ लागला. त्या चिखलात लोहचुंबक धरला असता त्याला काळी लव फुटली, त्यामुळे मॅग्नेटाइटविषयी शंका उरली नाही.

बादलीची तपासणी केली हे फारच बरे झाले. लॉकशील्डकडून जोरात धार आली, परंतु टीआरव्हीकडून नुसती ठिबक होती. प्लंबरने तो व्हॉल्व्ह खोलला तेव्हा त्याचे तोंड गाळाने जवळजवळ बंद झालेले आढळले. त्यामागची नळी मात्र मोकळी होती. त्याने व्हॉल्व्ह नवा बसवला. ही तपासणी केली नसती तर धुतलेला रेडिएटर परत टांगून आम्ही पुन्हा त्याच जागी आलो असतो.

नंतर पाणी भरून, ब्लीड करून आणि प्रेशर १.३ बारवर आणून एक संपूर्ण दिवस बॅलन्सिंगला दिला. वरच्या दोन बेडरूमचे लॉकशील्ड आता जेमतेम पाव फेराच उघडे आहेत आणि तरीही त्या खोल्यांना ऊब पुरते. बॉयलरचे पाणी ६० अंशांवर ठेवले असता बैठकीच्या खोलीत आत येणारी नळी ५८ आणि जाणारी ४३ अंश दाखवते, आणि रेडिएटरचा खालचा मधला भागही हाताला चांगला गरम लागतो. बॉयलर आता बराच वेळ सलग पेटलेला राहतो.

प्लंबरने उरलेल्या गाळासाठी सफाईचे रसायन पाण्यात घातले आहे आणि काही दिवसांनी येऊन ते पाणी काढून इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारे रसायन, घालणार आहे. परतीच्या नळीवर चुंबकाचा फिल्टर बसवावा असेही तो म्हणतो. ते खरोखर गरजेचे आहे का? आणि आई-बाबा दिवसभर घरात असताना ६० अंश पुरतील, की वाढवावे?

कॉव्हेंट्रीचा हीटिंगवाला
फिल्टर अवश्य बसवा. या क्षेत्रातले ब्रिटिश मानक बीएस ७५९३ आहे. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत असा फिल्टर बसवण्याची, इनहिबिटरचे प्रमाण दर वर्षी तपासण्याची आणि दर पाच वर्षांनी पाण्याची सविस्तर चाचणी करण्याची किंवा नव्याने इनहिबिटर घालण्याची शिफारस आहे. सफाईचे रसायन मात्र आत तसेच ठेवू नका. ते बाटलीवर सांगितलेल्या मुदतीत पूर्ण काढून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन मगच इनहिबिटर घालायचे असते. या दोन कामांमध्ये अंतर पडू देऊ नका, कारण नुकत्याच स्वच्छ झालेल्या पोलादावर ताज्या पाण्याने गंज लगेच धरतो.

तापमानाविषयी सांगायचे तर रेडिएटरची जी क्षमता छापलेली असते ती ७५ अंशांनी येणाऱ्या, ६५ अंशांनी जाणाऱ्या पाण्यासाठी आणि २० अंशांच्या खोलीसाठी असते. तुमच्या आकड्यांनुसार पाण्याची सरासरी ५० अंशांच्या आसपास येते, म्हणजे त्या क्षमतेच्या साधारण निम्मी उष्णता खोलीला मिळते. सकाळी एक तास आणि संध्याकाळी दोन तास हीटिंग लावणाऱ्या घराला ती कमी पडू शकेल, पण दिवसभर माणसे घरात असतील तर ६० अंशांवर सलग चालवणे हेच योग्य. खोलीत सारखी ऊब राहते आणि वृद्ध माणसांना एकदम तापणे, मग एकदम गारठणे याचा त्रास होत नाही. बाहेर शून्याखाली गेल्यावर बैठकीच्या खोलीत २१ अंश गाठले जात नसतील तर तेवढ्या दिवसांपुरते ६५ करा. त्या रेडिएटरवर कपडे वाळत घालू नका आणि सोफा त्याला टेकवू नका. अडवलेली ऊब खोलीत पसरत नाही आणि ओल्या कपड्यांची वाफ भिंतींवर बसून बुरशी धरते.

फिल्टर बसल्यावर पहिल्या महिन्यात तो प्लंबरकडून एकदा उघडून पाहा. सुरुवातीला चुंबकावर बराच काळा थर दिसेल, त्याने घाबरू नका. रसायनाने सुटलेला गाळ तिथे अडकणे अपेक्षितच आहे. पुढच्या वर्षीही तेवढाच थर दिसला तर मात्र इनहिबिटरचे प्रमाण तपासून घ्या.